मास्तर बाईंच्या वर्गात

मास्तरांनी बासष्टाव्या वर्षी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा अर्जावरच्या ‘इंग्रजी कशासाठी शिकायचे आहे?’ या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला : बोलायला. वाचनालयाच्या कारकुनानं तो वाचून मान डोलावली. बाकीचे लोक तिथं ‘नोकरीत बढती’, ‘आत्मविश्वास’ असलं काहीबाही लिहीत, त्या मानानं हे उत्तर सरळ होतं. कोणाशी बोलायला, असा पुढचा रकाना अर्जावर नव्हता, ते एक बरं झालं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. मुलांना शिकवणारा तो मास्तर आणि कपडे शिवणारा तोही मास्तर, अशी आपल्या भाषेची गंमत आहे. हे दुसऱ्या प्रकारचे. चाळीस वर्षं पुरुषांचे सूट शिवत आलेले. खाली दुकान, वर घर. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे माणूस कमी बोलतो आणि जे बोलतो ते टोचतं, असं त्यांची बायको म्हणे. ती चाळीस वर्षं हे ऐकत आली होती, तिला म्हणायचा हक्क होता.

त्यांना ज्यांच्याशी बोलायचं होतं, त्या म्हणजे हा वर्ग घेणाऱ्या बाई. आणि बाई म्हणजे त्यांची मुलगी. एकुलती एक. ती त्यांच्याशी एक वर्ष दहा महिने बोलत नव्हती.

अबोला कशावरून, तर एका शब्दावरून. मुलगी एका दुपारी नवऱ्याचं घर सोडून आली. दोन्ही हातांत दोन बॅगा. मास्तर नुकतेच जेवायला वर आले होते. दारातच ती म्हणाली, “मी आता परत जाणार नाही.” मास्तर म्हणाले, “आमच्या घरात असलं चालत नाही.” मुलीनं विचारलं, “आमच्या?” तिला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटलं, असं मास्तर नंतर सगळ्यांना सांगत, म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं. मुलीनं बॅगा अजून खाली ठेवल्या नव्हत्या. त्यामुळे तिला जायला काहीच वेळ लागला नाही.

“अहो,” बायको त्या संध्याकाळी म्हणाली, “‘आपल्या घरात असलं चालत नाही’ म्हणाला असतात, तर पोर भांडली असती, रडली असती आणि राहिली असती. तुम्ही ‘आमच्या’ म्हणालात. म्हणजे तुमच्या नि माझ्या. मला न विचारता आत घेतलंत आणि तिला बाहेर काढलंत.”

“अगं, जीभ घसरली,” मास्तर म्हणाले. “एका शब्दाचं काय एवढं धरून बसायचं?”

यावर बायकोही चार दिवस बोलली नाही. घरात मग फक्त शिलाई मशीन बोलत होतं.

मुलगी गावातच खोली घेऊन राहिली. आईला ती रोज अकराला फोन करी, कारण अकराला मास्तर खाली दुकानात असत. मास्तर तिच्या खोलीवर दोनदा गेले. पहिल्यांदा तिनं दार उघडलं, पाहिलं आणि लावून घेतलं. दुसऱ्यांदा घरमालकीण बाहेर आली आणि कोण हवंय म्हणाली. मास्तर म्हणाले, कोणी नाही, आणि कोटाच्या बाहीवरचा नसलेला धागा झटकत परत आले. मग एक दिवस वाचनालयाच्या फळ्यावर त्यांना ती सूचना दिसली. प्रौढांसाठी प्राथमिक इंग्रजी. मंगळवार व शुक्रवार, साडेपाच. वीस तास. खाली मुलीचं नाव, आणि त्याखाली : ‘प्रत्येक तासाला प्रत्येक विद्यार्थ्याशी संवाद.’ शेवटचं वाक्य मास्तरांनी दोनदा वाचलं आणि ते थेट कारकुनाकडे गेले.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर, जुन्या मासिकांच्या खोलीत भरे. बाकं नव्हती, बारा खुर्च्या गोल मांडलेल्या. टेबलावर एक जुनी सुटकेस. पुस्तक कुठंच नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिलेला : ‘वर्गात आपली भाषा बंद. बोलाल तर उभे राहाल.’ मास्तरांनी त्यातला ‘आपली’ हा शब्द पाहिला. त्या ‘आपली’त ते स्वतः धरले होते की नव्हते, हे फळ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

वर्गात ती बाई होती, म्हणून आपणही तिला बाईच म्हणू. बाई आत आल्या, त्यांनी गोलावरून नजर फिरवली, ती मास्तरांवर आली, थांबली आणि पुढच्या खुर्चीवर गेली. चेहऱ्यावर काही नाही. मास्तरांना जरा अभिमान वाटला. गिऱ्हाइकाचं पोट टेपमध्ये मावत नाही तेव्हा चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे तिनं दुकानात बसूनच उचललं होतं.

बाईंनी सुटकेसमधून कडधान्य भरलेला कापडी चेंडू काढला. ज्याच्याकडे चेंडू जाईल त्यानं उत्तर द्यायचं. चेंडू एका रंगाऱ्याकडे गेला, मग दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेला, मग आणखी कोणाकडे, आणि शेवटी, दुसरं कोणी उरलंच नाही तेव्हा, मास्तरांकडे आला.

“व्हॉट इज युवर नेम?” बाईंनी विचारलं.

पोटच्या पोरीनं बापाला नाव विचारलं. मास्तरांनी सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांना ते मास्तर म्हणूनच माहीत होते, त्यामुळे नाव ऐकून दोघांतिघांना नवल वाटलं.

“नाइस टू मीट यू,” बाई म्हणाल्या.

“नाइस टू मीट यू टू,” मास्तर म्हणाले, आणि चेंडू परत टाकताना त्यांच्या लक्षात आलं की चेंडूची शिवण उसवली आहे. त्यांच्या मुठीत चार मुगाचे दाणे राहिले होते.

घरी गेल्यावर बायको दारातच उभी होती. “बोलली?”

“बोलली.”

“काय म्हणाली?”

“माझं नाव विचारलं. भेटून आनंद झाला म्हणाली.”

बायकोनं विचारलं, “आणि तुम्ही?”

“मलासुद्धा, म्हणालो.”

“मग खोटं नाही बोललात,” बायको म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली. आत तिनं डोळे पुसले. ती डोळे पुसताना नेहमी नळ सोडते, त्यामुळे मास्तरांना कळलं.

अशा रीतीनं आठवड्याला दोन वाक्यं, या हिशेबानं संवाद सुरू झाला. दुसऱ्या तासाला बाईंनी विचारलं, तुम्हाला चहा आवडतो का. पाचव्या तासाला विचारलं, तुम्ही सकाळी किती वाजता उठता. ही दोन्ही उत्तरं बाईंना पाठ होती. सकाळचा चहा त्यांनीच बारा वर्षं बापाला करून दिला होता. तरी विचारलं, तरी मास्तरांनी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, आणि बाई ‘गुड’ म्हणाल्या. मास्तर ते ‘गुड’ घेऊन घरी जात. बायको विचारी, नुसतं गुड की व्हेरी गुड? व्हेरी गुड रंगाऱ्याला मिळालं, असं सांगताना मास्तरांना कसंसंच होई.

आता बाई शिकवत चांगलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यांची ती सुटकेस म्हणजे एक दुकानच होतं. पुठ्ठ्याचं घड्याळ, जुन्या कॅलेंडरमधली कापलेली चित्रं, रिकामी खोकी, डब्यांवरची लेबलं. पाकिटांत तुकडे केलेली वाक्यं. ती जुळवून सरळ करायची. एकाच चित्राच्या दोन प्रती, एकीत सहा गोष्टी कमी. जोडीदाराला न दाखवता, नुसतं विचारून विचारून त्या शोधायच्या. जोड्या लावायच्याच त्यांच्याकडे दहा-बारा तऱ्हा होत्या आणि दर तासाला नवी. मास्तर सगळ्यांचे जोडीदार होऊन आले. बाईंचे मात्र एकदाही झाले नाहीत. नमुना म्हणून कोणाला पुढे बोलवायचं झालं तर बाई नर्सबाईंना बोलवत.

एकदा कुटुंबाच्या धड्यात नर्सबाई त्यांच्या जोडीला आल्या. मुलं किती? एक. मुलगा की मुलगी? मुलगी. काय करते? मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. बाई पुसलेला फळा पुन्हा पुसत होत्या.

“शी इज अ टीचर,” मास्तर म्हणाले.

“गुड,” नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांना बिचारीला कसली शंका येणार? नर्सबाईंना व्याकरणाच्या इतक्या शंका असत की माणसांच्या शंकांना जागाच नव्हती.

फक्त एकच गोष्ट मास्तरांना सहन होत नव्हती. सुटकेसमधलं सगळं सामान फार वाईट कापलेलं आणि त्याहून वाईट शिवलेलं होतं. चित्रांच्या कडा वाकड्या. घड्याळाचे काटे टाचणीवर लटकलेले. शब्दांच्या पट्ट्या बाई चिकटपट्टीनं फळ्याला लावत आणि क्रियापद सांगेपर्यंत कर्ता खाली पडे. शेवटी सहाव्या तासाला मास्तर लवकर गेले आणि सोबत आणलेली वस्तू टेबलावर ठेवून आपल्या खुर्चीवर बसून राहिले. जाड कापडाचा एक तक्ता होता. चार ओळी, ओळीत दहा खिसे, खिशांना पुढून पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे शब्दाची पट्टी आत सरकवली की बाहेरून वाचता येईल. वर दांडी घालायला नेफा. कडेनं दुहेरी टीप.

बाई आल्या. त्यांनी तक्ता उचलला आणि आधी उलटा करून मागची बाजू पाहिली. शिंप्याची मुलगी ती. कापड हातात आलं की आधी उलट बाजू बघणार. धाग्याची एक गाठ दिसत नव्हती. बाईंनी तक्ता खिळ्याला टांगला आणि त्या वर्गाकडे वळल्या.

“हू मेड धिस?”

“मास्तर मेड इट,” वर्ग म्हणाला.

“डिड ही मेक इट फॉर द क्लास?”

“येस, ही डिड.”

भूतकाळाचा धडा त्या दिवशी फार चांगला झाला. मास्तरांशी मात्र कोणी काही बोललं नाही, त्यांच्याबद्दल बोललं. तास संपला तेव्हा त्यांच्या खुर्चीवर कापडी चेंडू ठेवलेला होता, उसवलेली बाजू वर करून. हे बोलणं धरायचं की नाही, यावर मास्तर आणि बायको यांच्यात दोन दिवस चर्चा झाली. बायकोचं मत पडलं की धरायचं, पण अर्धं.

नवव्या तासाला बाईंनी चुकांचा धडा घेतला. चुका दोन तऱ्हेच्या असतात, त्यांनी हातवारे करून आणि फळ्यावर चित्रं काढून समजावलं. एक घसरण : माणसाला बरोबर काय ते येत असतं, पण बोलताना तोंडातून भलतंच जातं. ती आपण दुरुस्त करायची नाही. थांबायचं, भुवई वर करायची. माणूस स्वतःच सुधारतो. दुसरी चूक : त्याला मुळात येतच नसतं. ते पुन्हा शिकवावं लागतं. मास्तरांना हे ताबडतोब कळलं. धागा तुटला तर पुन्हा ओवता येतो. कापडच चुकीचं कापलं तर नव्यानं आणावं लागतं. नर्सबाई ‘शी गो’ म्हणाल्या, बाईंनी भुवई वर केली, नर्सबाई ‘गोज’ म्हणाल्या. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्या दुपारी दारात मुलीनं ‘आमच्या?’ असं विचारलं होतं तेव्हा तिची भुवई वर गेली होती, हे त्यांना आठवलं. ती थांबली होती. स्वतःहून सुधारायला तिनं वेळ दिला होता.

त्यानंतर मास्तर वर्गात गप्प राहू लागले. विचारलं तेवढं बोलत. तास मात्र एकही चुकवला नाही. पंधरा झाले, सोळा झाले, सतरा झाले. विसाव्या तासानंतर पुढची पायरी दुसरे सर घेणार, असं कारकुनानं सांगितलं होतं. बायको रोज विचारी, “आज बोललात का?” आणि मास्तर सांगत, “तिनं विचारलं, तुमच्या गावात पूल आहे का.” बायको म्हणे, “अहो, ते नाही.” मास्तरांनाही माहीत होतं की ते नाही. पण बासष्ट वर्षांच्या माणसाला माफी मागायची म्हटली की भाषा कुठलीही असो, शब्द आठवत नाहीत.

अठराव्या तासाला बाईंनी ऐकून चित्र काढायचा खेळ घेतला. जोडीतल्या दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकानं आपल्या घराचं वर्णन करायचं, दुसऱ्यानं न बघता, नुसतं ऐकून नकाशा काढायचा. अडलं तर प्रश्न विचारायचे. मग दोघांनी मिळून कागदाखाली छापलेले पाच प्रश्न सोडवायचे. जोड्या लावायला बाईंनी अर्धी कापलेली चित्रं वाटली. मास्तरांना केटलीची मूठ आली आणि रंगाऱ्याला केटलीची चोच.

रंगारी म्हणजे घरं रंगवणारा. जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या पाहिलेला माणूस. त्यानं कानामागची चपटी पेन्सिल काढली आणि तो कामालाच बसला.

“धिस इज अवर हाउस,” मास्तरांनी सुरुवात केली. “डाउन, शॉप. अप, हाउस. थ्री रूम्स.”

“हाउ बिग?”

“फर्स्ट रूम, वन हंड्रेड फिफ्टी सिक्स इंचेस.”

“फीट!” रंगारी म्हणाला.

“इंचेस,” मास्तर म्हणाले. रंगाऱ्यानं बोटांवर भागाकार केला आणि खोली काढली. मग दुसरी काढली.

“थर्ड रूम,” मास्तर म्हणाले. “वन बेड. वन टेबल. वन विंडो. कर्टन इज न्यू.”

“हू लिव्ह?”

“नोबडी लिव्ह.”

“लिव्ज,” बाई जाता जाता म्हणाल्या. सवयच ती. आणि मग त्या जाता जाता थांबल्या.

“नोबडी लिव्ज,” मास्तर म्हणाले.

रंगारी पेन्सिल चावत विचारात पडला. ज्या खोलीत कोणी राहत नाही तिथं नवा पडदा कशाला, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. “व्हाय न्यू कर्टन?”

“इट इज अवर डॉटर्स रूम.”

“व्हेअर डॉटर?”

शब्दयोगी अव्ययं सातव्या तासाला झाली होती. मास्तरांनी ती सगळी मनात उलटीपालटी केली आणि त्यातल्या त्यात जवळचं उचललं. “शी इज बिहाइंड यू.”

रंगाऱ्यानं वळून पाहिलं. “बिहाइंड मी, यू,” तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली. मास्तरांच्या शेजारी बाई उभ्या होत्या. रंगाऱ्यानं मास्तरांचं नाक पाहिलं, बाईंचं नाक पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

बाईंचा चेहरा अजून तसाच होता, पण हातातली चित्रं त्यांनी उगाचच उलटी धरली होती.

“अवर हाउस,” त्या म्हणाल्या. आणि मग, सतरा तास जे कोणाला करू दिलं नव्हतं ते त्यांनी स्वतः केलं. “अवर म्हणजे? आमचं की आपलं?”

सगळ्या जोड्या थांबल्या. नियम सगळ्यांना ठाऊक होता. आपली भाषा बोलेल त्यानं उभं राहायचं. बाई उभ्याच होत्या, त्यामुळे कोणाला काही म्हणता येईना.

पलीकडच्या कोपऱ्यात नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना नियमाप्रमाणे उभं राहून विचारायचं होतं. “टीचर, इंग्लिशमध्ये दोन्हीला अवरच?”

“दोन्हीला अवरच.”

“अगंबाई! मग ऐकणाऱ्याला कळतं कसं, तो त्यात आहे की नाही ते?”

“नाही कळत,” बाई म्हणाल्या. “विचारावं लागतं.”

त्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं नव्हतं. नर्सबाई शंका फिटल्यासारख्या खाली बसल्या.

मास्तर उठून उभे राहिले. गुडघे दुखतात म्हणून ते हल्ली खुर्चीला धरून उठतात. या वेळी धरलं नाही.

“आज आपलं,” ते म्हणाले.

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी आमचं.”

“घसरण?” बाईंनी विचारलं, आणि भुवई वर केली नाही. उत्तर सोपं करून द्यायची त्यांची इच्छा नसावी.

दोन वर्षं मास्तर ज्याला त्याला हेच सांगत आले होते. बायकोला, शेजाऱ्याला, मापं घेताना गिऱ्हाइकांनाही. आता नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि मुलगी कदाचित मानलीही असती.

“घसरण नाही,” मास्तर म्हणाले. “चूकही नाही. मला नीट येत होतं. समजून उमजून म्हणालो. तू विचारलंस तेव्हा तुला ऐकू गेलं होतं, तेही मला कळलं होतं. तरी पुन्हा म्हणालो.”

“का?”

मास्तरांनी गळ्यातला टेप चाचपला. वर्गात येताना ते तो काढून ठेवत, त्यामुळे हाताला नुसती कॉलर लागली. “तो माझंच गिऱ्हाईक होता. मीच आणला तुझ्यासमोर. लग्नाचा सूटही मीच शिवला. तीन ट्रायल घेतल्या. खांदा, छाती, बाही, एक सूत इकडेतिकडे झालं नाही. आणि माणूस कसा आहे ते मला कळलं नाही. तू दारात आलीस आणि मी तुझ्याकडे पाहिलं, तर मला माझं काम दिसलं. तू घरात राहिली असतीस तर ते रोज सकाळी दिसलं असतं. लाज माझी होती, आणि घराबाहेर तू गेलीस.”

यानंतर त्या खोलीत कोणालाच कोणतीच भाषा येत नव्हती. रंगाऱ्यानं नकाशातल्या तिसऱ्या खोलीच्या पडद्याला सावकाश चुण्या काढल्या. बाईंनी तक्त्यापाशी जाऊन सरळच असलेल्या पट्ट्या सरळ केल्या, पाठ वर्गाकडे. मास्तरांना त्या पाठीचं माप तोंडपाठ होतं. ती पूर्वीपेक्षा बारीक झाली आहे, हे त्यांना पहिल्या दिवशीच दिसलं होतं, पण हे कोणत्या धड्यात बोलायचं ते कळलं नव्हतं.

बाई वळल्या. डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “टेन मिनिट्स,” त्या म्हणाल्या. “क्वेश्चन्स, प्लीज.”

वर्ग मुकाट्यानं प्रश्न सोडवायला लागला. इतका शहाण्यासारखा वर्ग त्या माडीवर कधी बसला नसेल. रंगाऱ्यानं मास्तरांना चार प्रश्नांची उत्तरं हळू आवाजात विचारली आणि स्वतःच भरली. पाचवा मास्तरांकडे सरकवला. वेळ संपली. “फिनिश द रेस्ट अ‍ॅट होम,” बाई सगळ्यांना म्हणाल्या. खुर्च्या वाजल्या. नर्सबाई जाताना मास्तरांच्या दंडावर, ताप पाहावा तसा हात ठेवून गेल्या. रंगारी कागद आणि आपली पेन्सिल तिथंच ठेवून गेला.

मास्तर बसून राहिले. पाचवा प्रश्न असा होता, की घरात किती माणसं राहतात. उत्तराचं वाक्य छापलेलंच होतं, ‘आमच्या’ही नाही आणि ‘आपल्या’ही नाही अशा त्या ‘अवर’ घराचं. आकड्याची तेवढी जागा मोकळी. दोन लिहावं तर खरं होतं, पण हात होईना. तीन लिहावं तर तो आकडा लिहिणारे ते कोण?

सुटकेस मिटल्याचा आवाज झाला. पावलं जवळ आली आणि रंगाऱ्याच्या खुर्चीवर, ती फिरवून त्यांच्या समोर करून, कोणीतरी बसलं.

“एवढा एकच राहिलाय,” मास्तर वर न बघता म्हणाले.

तिनं त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. मास्तरांना वाटलं, आता ती आकडा भरील. तिनं भरला नाही. कागदाची घडी घातली, घडीला घडी नीट जुळवून, आणि ती त्यांच्या पिशवीत ठेवली.

“राहू द्या, बाबा,” मुलगी म्हणाली. “हा घरी करू.”